सगळ्यांचीच गरज खरी असेल, तर आधी कोणाकडे जायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी आहे, घरी अंथरुणाला खिळलेली आई आहे, मंडळीत रविवारच्या शाळेची जबाबदारी आहे, एक नातेवाईक वरचेवर पैसे मागतात. दोन भाऊ वेगळे राहतात. चांगल्या शोमरोन्याचा दाखला, म्हणजे लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाजवळून याजक बाजूने निघून जातो आणि परका शोमरोनी मात्र थांबतो ही येशूने सांगितलेली गोष्ट, ऐकला की वाटतं, आपण कुठेच पुरे पडत नाही. मग दया आधी कोणावर करायची, आणि एखाद्याला नाही म्हटलं तर ते पाप का?

मी पाळक नाही. मंडळीत बरीच वर्षं बायबल अभ्यास घेतो, आणि वडिलांच्या शेवटच्या आजारपणात याच प्रश्नात अडकलो होतो. तेव्हा जे कळलं ते सांगतो.

एका शनिवारी संध्याकाळी मी टेबलाशी बसून दुसऱ्या दिवशीची टिपणं काढत होतो. विषय लूक 10, म्हणजे लूकच्या शुभवर्तमानातला हाच दाखला. बाबा दारात येऊन उभे राहिले. सदऱ्याची बटणं एक घर चुकवून लावलेली, गळ्याशी एक काज रिकामं. ‘जरा हे बघतोस का?’ म्हणाले. मी मान वर न करता म्हणालो, ‘दहा मिनिटं थांबा, बाबा.’ टिपणं संपली तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता. खोलीत गेलो तर ते पलंगाच्या कडेला बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर. सगळी बटणं सोडून ठेवली होती, मला लावायला सोपं जावं म्हणून. रागावले नव्हते. मुलगा देवाच्या कामात आहे, असंच त्यांना वाटत होतं.

त्या रात्री मी तो दाखला पुन्हा वाचला आणि पहिल्यांदाच याजकाच्या जागी स्वतःला पाहिलं. आपण सहसा म्हणतो, याजक बाजूने गेला कारण प्रेताला शिवलं तर विटाळ होईल, मंदिरात सेवा करता येणार नाही. पण लूक स्पष्ट लिहितो की तो त्या वाटेने खाली चालला होता. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचावर आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही सुमारे 250 मीटर खाली. सत्तावीसएक किलोमीटरची ती वाट सारी उताराची. खाली चाललेला याजक मंदिराकडे पाठ करून चालला होता. तो का थांबला नाही, हे येशू सांगतच नाही. कारण मोकळं सोडलंय, आणि त्या मोकळ्या जागेत माझी टिपणं अगदी नेमकी बसत होती.

अमेरिकेत प्रिन्स्टनला जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी एक प्रयोग केला होता, 1973 साली तो प्रसिद्ध झाला. ईश्वरविज्ञान शिकणारे 40 विद्यार्थी. काहींना याच दाखल्यावर बोलायचं होतं, काहींना दुसऱ्या विषयावर. एका इमारतीतून दुसरीकडे जाताना वाटेत एक माणूस दारात मान टाकून पडलेला, खोकतोय, कण्हतोय. कोण थांबतं हे पाहायचं होतं. ज्यांना वेळ होता त्यांतले 63 टक्के थांबले, ज्यांना थोडी घाई होती त्यांतले 45, आणि ज्यांना ‘तुम्हाला उशीर झालाय’ असं सांगून पाठवलं होतं त्यांतले फक्त 10 टक्के. डोक्यात दाखला होता की दुसरं काही, याने म्हणावा असा फरक पडला नाही. ही मंडळी दगडाच्या काळजाची नव्हती हो. त्यांना फक्त उशीर झाला होता.

म्हणून मला वाटतं, ‘दया’ आणि ‘आधी काय’ हे तुमचे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. कळवळा येण्यासाठी आधी माणूस दिसावा लागतो, आणि दिसण्यासाठी दिवसात फट असावी लागते. शोमरोन्याबद्दल लूक म्हणतो, त्याला पाहून त्याला कळवळा आला. घर सोडून गेलेल्या आणि शेवटी परतणाऱ्या उधळ्या पुत्राच्या बापाबद्दलही तेच, मुलगा दूर असतानाच त्याने पाहिलं आणि कळवळला. मूळ ग्रीक शब्द दोन्हीकडे एकच आहे, आतडं पिळवटणं अशा अर्थाचा. दोन्हीकडे आधी पाहणं आहे, मग कळवळा, आणि हात त्यानंतर.

आता एक गोष्ट, जिने माझं रोजचं जगणं बदललं. ज्या शास्त्र्याच्या प्रश्नावर येशूने हा दाखला सांगितला, त्याने येशूला जे वचन म्हणून दाखवलं, ‘आपल्या शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर’, ते नियमशास्त्रातल्या लेवीय 19 मधलं आहे, अठरावं. त्याच अध्यायात थोडं वर, नवव्या-दहाव्या वचनात, शेतकऱ्याला आज्ञा आहे: पीक कापताना शेताच्या कडेपर्यंत कापू नकोस, पडलेला सरवा वेचू नकोस, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. म्हणजे शेजाऱ्यावर प्रीती करायची आज्ञा येण्याआधीच त्या प्रीतीसाठी शेतात जागा सोडलेली आहे. कोण येईल हे शेतकऱ्याला माहीत नसतं. कड मात्र त्याने आधीच सोडलेली असते.

आपण आपला दिवस कडेपर्यंत कापतो. सकाळपासून झोपेपर्यंत एक ओंबी शिल्लक ठेवत नाही, आणि मग कोणी दारात उभं राहिलं की ते माणूस आडकाठी वाटायला लागतं. लूक 12 मधला मूर्ख धनवान आठवा. जमिनीला भरघोस पीक आलं आणि त्याला पहिला विचार सुचला तो कोठारं मोडून मोठी बांधायचा. तो कोणाशी बोलतो ते पाहा, फक्त स्वतःशी. माझं पीक, माझी कोठारं, माझा माल, माझ्या जिवा. सारा दाखला संपतो तरी त्याच्या तोंडी दुसऱ्या माणसाचं नाव नाही. मी हा दाखला पूर्वी पैशापुरता वाचायचो. आता तो वेळेबद्दलही वाचतो.

याच जोडीला लूक 14 मधली मोठी मेजवानी वाचा, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे. आमंत्रितांनी न येण्याची दिलेली कारणं पाहा: शेत घेतलंय, बैलांच्या पाच जोड्या घेतल्यात, नुकतंच लग्न झालंय. यातलं एकही पाप नाही. नव्या नवऱ्याला तर नियमशास्त्राने वर्षभर लढाईवर जाण्यातून सूट दिली होती. तरीही मेजवानी चुकली. वाईट गोष्टींशी झगडणं त्यामानाने सोपं, निदान त्या ओळखू तरी येतात. आपली खरी ओढाताण होते ती चांगल्या आणि चांगल्यामध्ये. माझी टिपणंसुद्धा चांगलीच होती.

पण तुम्ही आधीच थकलेल्या आहात, आणि मी जर इथेच थांबलो तर तुमच्या पाठीवर आणखी एक ओझं ठेवल्यासारखं होईल. म्हणून त्या दाखल्याचा जो भाग प्रवचनात घाईने उरकला जातो, तिकडे या. दुसरा दिवस. शोमरोन्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली. आणि सकाळी तो निघून गेला. दोन दिनार काढून दिले, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, उतारशाळेवाल्याला सांगितलं की याची काळजी घे, जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा फेडीन. तो आपला प्रवास सोडून महिनाभर उशाशी बसला नाही. यरीहोच्या वाटेवरच्या सगळ्या जखमींचा ठेका त्याने घेतला नाही. एका माणसाला पाहिलं, स्वतः करण्यासारखं होतं ते केलं, उरलेलं दुसऱ्याच्या हाती दिलं, आणि परत येण्याचा शब्द दिला. येशूने त्याला अर्धवट म्हटलं नाही, उलट शास्त्र्याला सांगितलं, जा आणि तूही तसंच कर.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल, नाही म्हणण्याबद्दल. मत्तय 25 मध्ये दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या शहाण्या कुमारी तेल संपत आलेल्या दुसऱ्या कुमारींना तेल द्यायला नकार देतात, आम्हाला आणि तुम्हाला पुरणार नाही म्हणतात. पण या आधारावर कोणाला दारातून परत पाठवू नका. तो दाखला वराच्या येण्यासाठी तयार असण्याबद्दल आहे, उसनवारीबद्दल नाही. दाखला कोणत्या प्रश्नाला उत्तर म्हणून सांगितला गेला ते आधी बघावं, हे मी चुका करून शिकलो. त्यातून एवढं मात्र नक्की घेता येतं की काही गोष्टी एकाने दुसऱ्याच्या वतीने भरून द्यायच्या नसतातच. तुमच्या नातेवाइकांना पैसे देण्याआधी एकदा त्यांच्याजवळ बसा, पैसा जातो कुठे ते विचारा. पैसे देऊन विषय मिटवणं ही पुष्कळदा बाजूने निघून जायचीच सभ्य रीत असते. बसून विचारल्यावरही हातात द्यायला काही नसेल, तर तसं सांगण्यात मला पाप दिसत नाही.

आधी कोण, याला माझ्याकडे एकच कसोटी आहे आणि ती लूक 16 मधून घेतलेली. श्रीमंत माणूस आणि लाजर. पूर्वज अब्राहाम सोडला तर येशूच्या दाखल्यांत नाव मिळालेलं लाजर हे एकच पात्र, आणि ते त्या दारात पडलेल्या भिकाऱ्याला मिळालंय. श्रीमंताने त्याला मारलं नाही, हाकललंही नाही. मेल्यावर कळतं की त्याला लाजरचं नावसुद्धा माहीत होतं, कारण अब्राहामाला तो म्हणतो, लाजरला पाठव. रोज त्याच दारातून जाताना दिसत असलेला माणूस. जगाच्या दुःखाचा हिशेब त्याला कोणी मागितला नाही, त्याच्या दाराचा मागितला.

तुमच्या दारात या घडीला आई आहे. मग नोकरी, कारण घर त्यावर चालतं. रविवारची शाळा मी काही महिन्यांसाठी दुसऱ्याकडे सोपवा असं सुचवेन, आणि पाळकांना कारण खरं सांगा. जो वेळ सुटेल तो लगेच दुसऱ्या कामाने भरू नका. आठवड्यातली एक संध्याकाळ तरी न कापलेली ठेवा. मी बाबांच्या शेवटच्या वर्षी संध्याकाळचा अर्धा तास असा ठेवला होता. त्यात ठरवून काही करायचो नाही. बहुतेक वेळा आम्ही गप्पच बसायचो, कधी बटणं लावून द्यायचो, कधी ते तोच प्रश्न चौथ्यांदा विचारायचे आणि मला चौथ्यांदा उत्तर द्यायला जड जायचं नाही.

आणि उतारशाळा शोधा. शोमरोन्याने एकट्याने केलं नाही, तुम्हीही करू नका. भावांना आजच फोन करा. दोष देऊ नका, जुनं काढू नका. काय बोलावं सुचत नसेल तर एवढंच म्हणा: ‘शनिवारी आईजवळ तू ये. तिची औषधं मी लिहून ठेवते. संध्याकाळी मी परत येईन.’