निप्सी हसल लेबलमधून बाहेर पडला खरा, पण कशामुळे पडू शकला ते सही करायच्या आधी बघ

तुझी पोस्ट काल रात्री वाचली आणि बराच वेळ झोप लागली नाही. तू लिहिलंयस की एका कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट आलंय, ८० हजार ॲडव्हान्स, सहा गाणी द्यायची, मुदत १ वर्ष, आणि शेवटी लिहिलंयस की अमेरिकन रॅपर निप्सी हसल पण आधी एपिक या मोठ्या लेबलला, म्हणजे रेकॉर्ड कंपनीला, साइन झाला होता, नंतर सुटला आणि स्वतःचं उभं केलं, तर मी पण आत्ता सही करतो आणि नाव झालं की बाहेर पडतो. अरे भावा, हेच वाक्य २०१८ मध्ये मी माझ्या बीट (रॅपमागचं संगीत) करणाऱ्या मित्राला चहाच्या टपरीवर उभं राहून ऐकवलं होतं. तेव्हा मी पण निप्सीच्याच प्रेमात होतो. म्हणून एवढं लांब लिहितोय, वेळ काढून वाच.

पुढे मास्टर हा शब्द येईल, तो म्हणजे गाण्याचं मूळ रेकॉर्डिंग, ज्याच्याकडे ते त्याची मालकी. आणि मी वकील नाही, चार वर्षं मराठीत रॅप केलं, आता नोकरी करतो आणि अधूनमधून गाणं काढतो, एवढीच माझी लायकी समज. तुझा कागद मी बघितलेला नाही. माझा कसा होता ते सांगतो.

आधी निप्सीचं बघ, कारण तू जो "सुटला" शब्द वापरलास तिथेच सगळी गडबड आहे. एर्मियस ॲसगेडम हे त्याचं खरं नाव, जन्म १५ ऑगस्ट १९८५, साउथ लॉस एंजेलिसमधल्या क्रेनशॉ भागातला पोरगा, वडील एरिट्रियाचे. शाळा अर्धवट राहिली, रोलिन सिक्स्टीज टोळीत गेला, आणि स्लॉसन आणि क्रेनशॉ हे दोन मोठे रस्ते जिथे मिळतात तिथल्या दुकानांपुढच्या पार्किंगमध्ये भाऊ सॅमिएलसोबत सीडी, टीशर्ट विकायचा. पहिली मिक्सटेप (लेबलशिवाय स्वतःच काढलेला गाण्यांचा संच) २००५ ची. मग २००८ पासून 'बुलेट्स एन्ट गॉट नो नेम' ही मालिका आली, तिच्यावर नाव झालं आणि एपिकचा करार झाला. २००९ ला सिंगल आलं, अल्बमचं नाव 'साउथ सेंट्रल स्टेट ऑफ माइंड' असं जाहीर पण झालं, आणि तो अल्बम कधी आलाच नाही. २०१० मध्ये एपिकचीच पैशांची ओढाताण सुरू झाली आणि निप्सीने करार पुढे वाढवला नाही. हे शेवटचं वाक्य परत वाच. करार वाढवायचा की नाही हे ठरवायची वेळ आली तेव्हा ते त्याला ठरवता आलं. त्याच वर्षी डिसेंबरात 'द मॅरेथॉन' ही मिक्सटेप स्वतःच्या ऑल मनी इन लेबलवर आली. म्हणजे तो काही भिंत फोडून पळाला नव्हता, त्याच्या बाबतीत दार उघडं होतं. मी सही केली तेव्हा माझं दार कुठल्या बाजूने उघडतं हे मी बघितलंच नव्हतं.

माझी चूक एकच आणि ती पान ३ वर होती. पहिल्या पानावर ठळक अक्षरात "मुदत १ वर्ष" होतं, तुझ्यासारखंच. पान ३ वर बारीक लिहिलेलं की हे १ वर्ष सही केलेल्या दिवसापासून नाही, तर ठरलेली सहाही गाणी कंपनीने लेखी स्वीकारल्यापासून मोजायचं. आणि मुदत संपली की अजून एकेक वर्ष, दोन वेळा, वाढवायचा हक्क कंपनीला. मला नाही, फक्त कंपनीला. मी हे वाचलं होतं बरं का, वाचलं नाही असं नाही. वाचून वाटलं की गाणी दिली की स्वीकारतीलच, त्यांनाही पैसे कमवायचेत ना.

सहा गाणी मी पाच महिन्यांत दिली. चारवर काहीच उत्तर नाही. दोनवर आलं की "व्यावसायिकदृष्ट्या समाधानकारक नाही", बास. काय बदलू ते नाही, कोणाशी बोलू ते नाही. मेल केला की एक तिकीट नंबर यायचा आणि दहा दिवसांनी तिकीट आपोआप बंद. फोन उचलणारी व्यक्ती दर महिन्याला वेगळी, प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचं, आणि प्रत्येकाचं उत्तर एकच, "टीमला फॉरवर्ड केलंय". एकदा सुट्टी टाकून मुंबईला त्यांच्या ऑफिसात गेलो, तीन तास रिसेप्शनला बसलो, कोणी बाहेर आलं नाही. नकार दिला असता तरी चाललं असतं मला, मी खरंच सांगतो. त्यांनी स्पष्ट नकारही दिला नाही आणि होकारही दिला नाही, भिजत घोंगडं ठेवलं, आणि होकार नाही म्हणजे ते १ वर्ष सुरूच झालं नाही! २६ महिने माझं घड्याळ शून्यावर उभं होतं. त्या काळात स्वतःच्या चॅनलवर एक नवीन गाणं टाकलं, त्यांच्या यादीतलं पण नव्हतं, तरी दोन दिवसांत कॉपीराइट क्लेम येऊन उतरलं, कारण मुदत चालू असेपर्यंत मी केलेलं सगळं रेकॉर्डिंग त्यांचं असंही त्याच पानावर होतं.

त्या सहापैकी एका गाण्याच्या सुरुवातीला माझ्या आजीची जात्यावरची ओवी होती, फोनवर रेकॉर्ड केलेली, मागे भांड्यांचा आवाज येतो. आजी २०१९ ला गेली. तिला ते गाणं बाहेर आलेलं ऐकवता आलं नाही, आणि ती गेल्यावर घरच्या ग्रुपवर टाकायलाही मी घाबरत होतो. शेवटी वकिलाची नोटीस, ॲडव्हान्स पूर्ण परत, वर वकिलाचे १५ हजार, तेव्हा चार गाणी सुटली. दोन अजून त्यांच्याकडे आहेत. ओवीवालं त्या दोनातलं.

म्हणून जेव्हा कोणी "साइन हो, मग निघ" म्हणतं तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

आता दुसरी बाजू. माझी गोष्ट ऐकून लोक लगेच म्हणतात की लेबलच्या वाटेलाच जायचं नाही, निप्सी पण तेच सांगायचा. हे पण अर्धवट आहे. त्याचा पहिला स्टुडिओ अल्बम 'व्हिक्टरी लॅप' १६ फेब्रुवारी २०१८ ला आला तो ऑल मनी इन आणि अटलांटिक या मोठ्या लेबलच्या भागीदारीत. पहिल्या मिक्सटेपपासून १३ वर्षांनी, वयाच्या ३२ व्या वर्षी. बिलबोर्ड २०० या अमेरिकेतल्या अल्बमच्या यादीत ४ नंबरला उतरला, पहिल्या आठवड्यात ५३ हजार युनिट (विक्री आणि स्ट्रीम मिळून), आणि बेस्ट रॅप अल्बमचं ग्रॅमी नामांकन. मोठ्या लेबलबरोबर बसायला त्याची कधीच ना नव्हती. फरक एवढाच की २०१८ ला तो टेबलावर बसला तेव्हा त्याच्या हातात काय काय होतं.

काय होतं ते बघ, कारण मला वाटतं त्याची खरी करिअर २०१० ते २०१८ या मधल्या आठ वर्षांत आहे आणि नेमकी तीच लोक गाळतात. ऑक्टोबर २०१३ मध्ये 'क्रेनशॉ' ही मिक्सटेप आली. इंटरनेटवर फुकट, कोणीही डाउनलोड करा. आणि त्याच वेळी १००० सीडी, प्रत्येकी १०० डॉलर. 'प्राउड टू पे' नाव दिलं होतं त्याला, म्हणजे ज्याला अभिमानाने पैसे द्यायचेत त्याने द्यावेत. फिलाडेल्फियातल्या एका रेस्टॉरंटने १०० डॉलरचं सँडविच ठेवून गावभर चर्चा घडवली, हा किस्सा त्याने एका पुस्तकात वाचला होता, त्यावरून ही कल्पना. हजारच्या हजार एका दिवसाच्या आत संपल्या, त्यातल्या १०० रॅपर जे-झीने घेतल्या. १ लाख डॉलर, आणि मधे कुणाचाच हात नाही. पुढच्या वर्षी ३१ डिसेंबरला 'मेलबॉक्स मनी', १०० कॉप्या, १००० डॉलरला एक.

इथे एक विनंती आहे, हे बघून तू उद्या पेनड्राइव्ह २००० रुपयाला विकायला काढू नकोस. तो पार्किंगमध्ये उभं राहून वर्षानुवर्षं हातात सीडी देत होता, घेणारा त्याला तोंडाने ओळखायचा. १०० डॉलर त्या ओळखीचे होते. आपल्याकडे फॉलोअर असतात, ओळख नसते. माझ्या शेवटच्या कार्यक्रमाला ४० लोक होते आणि त्यातल्या २५ जणांची नावं मला माहीत होती, त्या २५ जणांनी नंतर काढलेलं गाणं विकत घेतलं. आपली सुरुवात तिथून होते.

आणि तो पैसा कुठे घातला बघ. ज्या पार्किंगमधून पोलीस हाकलायचे तिथेच २०१७ ला द मॅरेथॉन क्लोदिंगचं दुकान उघडलं, पुढे भागीदारांसोबत ती सगळी दुकानांची रांगच विकत घेतली. २०१८ ला त्याच भागात व्हेक्टर ९० नावाची कामाची जागा, वस्तीतल्या पोरांना शिकता यावं, धंदा सुरू करता यावा म्हणून. लोक म्हणतात बिझनेसचं डोकं होतं. मला वाटतं मालकी ही गोष्ट त्याला फार आधी दिसली होती, २००४ ला वडील आणि भावासोबत तीन महिने एरिट्रियात राहून आला तेव्हा. आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसांच्या हातात त्यांचा अख्खा देश आहे हे त्याने डोळ्यांनी पाहिलं, आणि त्या प्रवासाने आपल्याला बदललं हे तो स्वतः सांगायचा. मास्टर स्वतःकडे ठेवणं हे त्याच्यासाठी हिशोबाच्या आधी स्वाभिमानाचं होतं, असं माझं मत, पटत नसेल तर सोड.

३१ मार्च २०१९ ला त्याच दुकानासमोर त्याला गोळ्या घातल्या. ३३ वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी टोळ्यांच्या हिंसेबद्दल पोलीस अधिकाऱ्यांसोबत त्याची बैठक ठरलेली होती. दोन ग्रॅमी मिळाले ते पुढच्या जानेवारीत, तो नसताना. ही बातमी आली तेव्हा मी त्या तिकीट नंबरच्या चक्रात अडकलेलो होतो, आणि दिवसभर 'व्हिक्टरी लॅप' ऐकताना एकच गोष्ट डोक्यात होती, की हा माणूस गेला तरी त्याचं काम त्याच्या घरच्यांकडे राहणार, आणि मी जिवंत असून माझी सहा गाणी माझी नाहीत.

असो, तुझ्या कागदाकडे येतो. माझ्या मते (परत सांगतो, माझ्या मते, वकिलाला दाखवच) ॲडव्हान्सचा आकडा सगळ्यात शेवटी बघ. आधी मुदत कधीपासून मोजतात ते बघ. "स्वीकृती", "समाधानकारक", "लेखी मान्यता" असे शब्द असले तर एक ओळ घालून घे की गाणं दिल्यापासून ३० दिवसांत लेखी नकार आला नाही तर ते स्वीकारलं असं धरायचं. ही एक ओळ माझ्याकडे असती तर माझे २६ महिने वाचले असते. घालायला तयार नसतील तर मी सही करणार नाही, कितीही गोड बोलले तरी. मग वाढवायचा हक्क कोणाला ते बघ. मग आधीची गाणी यादीत घुसवलीयेत का ते बघ.

आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, कलम १९ मध्ये आहे की हक्क दिल्यावर समोरच्याने १ वर्षात ते वापरलेच नाहीत तर ते परत येतात, आणि किती वर्षांसाठी दिले ते लिहिलंच नसेल तर ५ वर्षं धरायची. मला हे कळल्यावर केवढा आनंद झाला होता! मग वकिलाने दाखवलं की ते १ वर्षाचं, म्हणजे कलम १९(४), करारात वेगळं लिहिलेलं नसेल तरच लागू, आणि माझ्या करारात नेमकं वेगळं लिहिलेलं होतं. तुझ्यात "कलम १९(४) लागू होणार नाही" अशी ओळ असेल तर ती काढायला सांग. एवढ्या बारकाईने ती ओळ घातली असेल तर कोणीतरी विचार करूनच घातलीय. आणि शब्द तूच लिहितोस ना, मग आयपीआरएस (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) चं सदस्यत्व आधी घे, गीतकार म्हणून तुझा रॉयल्टीचा वाटा २०१२ च्या दुरुस्तीनंतर कंपनीच्या नावे सोडता येत नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

अजून एक, विषय थोडा वेगळा आहे पण सांगतो. बीट कोणाची आहे? नेटवरून भाड्याने घेतलेली असेल तर त्या लायसन्समध्ये किती स्ट्रीमपर्यंत चालते ते बघून ठेव, आणि मित्राने केलेली असेल तर त्याच्याशी आजच एका पानावर लिहून घे, दोघांच्या सह्या. माझ्या मित्राचं नाव त्या कॉन्ट्रॅक्टमध्ये कुठेच नव्हतं आणि तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. चूक माझीच होती.

ते "निघेन नंतर" हे डोक्यातून काढ आणि आता पान ३, नाहीतर जिथे मुदतीची व्याख्या असेल ते पान, कंपनीचं आणि तुझं नाव झाकून इथे टाक. सही कधीपर्यंत मागितलीय ते तू लिहिलं नाहीस, ते पण सांग. दोन दिवसांत मागत असतील तर आधी त्यांना मेल करून १५ दिवस माग, आणि फोनवर नको, मेलच कर.