वाचक विचारतात : यलोस्टोनला दात कधी आले?

प्रश्न : अमेरिकेतले यलोस्टोन १८७२ मध्येच राष्ट्रीय उद्यान झाले, मग १८८६ मध्ये तिथे घोडदळ का आणावे लागले? लोकमताच्या दबावाने कायदा बदलला, हे कितपत खरे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : खरे आहे, पण नुसत्या ओरडीने काहीच बदलले नाही. १ मार्च १८७२ च्या कायद्यात प्राण्यांच्या बेसुमार कत्तलीला मनाई होती. शिक्षा मात्र नव्हती आणि खर्चाला पैसाही नव्हता. पहिले अधीक्षक नॅथॅनियल लँगफर्ड बिनपगारी होते. पहिले १०,००० डॉलर मंजूर झाले ते १८७८ मध्ये. चोरटा शिकारी सापडला, तर त्याचे सामान जप्त करून त्याला हद्दीबाहेर सोडायचे, एवढाच अधिकार. तो चार दिवसांनी परत यायचा.

१८८२ मध्ये एका कंपनीने उद्यानातल्या मोक्याच्या जागा मिळून चार हजारांवर एकर भाडेपट्ट्याने मागितल्या. जनरल शेरिडन आणि संपादक जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी त्याविरुद्ध रान उठवले. सेनेटर जॉर्ज व्हेस्ट यांनी त्या संतापाला कलमांचे रूप दिले आणि मार्च १८८३ मध्ये ती कलमे सरकारी खर्चाच्या विधेयकाला जोडली. पट्टा जास्तीत जास्त १० एकरांचा, मुदत १० वर्षे, गरम पाण्याच्या कारंज्यांपासून आणि धबधब्यांपासून पाव मैल दूर. शिवाय उद्यान सांभाळणाऱ्या इंटीरियर खात्याने मागितल्यास लष्कर पाठवण्याची मुभा. १८८६ मध्ये काँग्रेसने (म्हणजे सेनेट आणि प्रतिनिधीगृह मिळून बनलेल्या अमेरिकी संसदेने) अधीक्षकाचा पैसाच तोडला, तेव्हा ही मुभा कामी आली. त्या ऑगस्टमध्ये आलेले लष्कर १९१८ पर्यंत राहिले.

प्रश्न : मग शिक्षेचा कायदा व्हायला १८९४ का उजाडले?

उत्तर : रेल्वेमुळे. उद्यानाजवळच्या कुक सिटीच्या खाणींसाठी उद्यानातून रूळ हवे होते. संरक्षणाचे विधेयक सेनेटमधून आले, की प्रतिनिधीगृहात त्याला रेल्वेचे कलम चिकटवले जाई. व्हेस्टना ते मान्य नसे आणि विधेयक तिथेच मरे. वर्षानुवर्षे हेच चालले.

मार्च १८९४ मध्ये उद्यानातल्या पेलिकन खोऱ्यात चोरटा शिकारी एडगर हॉवेल मारलेल्या बायसनचे (अमेरिकेतल्या गव्यासारख्या प्राण्याचे) कातडे सोलत बसला होता. तो कामात इतका गुंतला होता, की लष्कराचा टेहळ्या (स्काउट) फेलिक्स बर्जेस उघड्या बर्फावरून थेट जवळ पोहोचला तरी त्याला कळले नाही. त्याला शिक्षा करणारे कलमच अस्तित्वात नव्हते. योगायोगाने ग्रिनेल यांच्या साप्ताहिकाचा बातमीदार इमर्सन हफ तेव्हा उद्यानातच होता. बातमी देशभर गेली. प्रतिनिधीगृहाचे सदस्य जॉन लेसी यांनी रेल्वेचा उल्लेखही नसलेले विधेयक लगेच मांडले आणि ७ मे रोजी त्यावर राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांची सही झाली. दंड १,००० डॉलरपर्यंत, कैद दोन वर्षांपर्यंत.

या लढ्यात शोशोनी, बॅनॉक, क्रो या मूळ रहिवासी लोकांना कोणीच विचारले नाही, हेही सांगायलाच हवे. त्यांची ही शिकारीची जुनी भूमी होती.