हिब्रू शास्त्रात (म्हणजे बायबलच्या जुन्या करारात) जहाजाच्या भागांना काय अर्थ आहे? डोलकाठी, शीड, नांगर ही कशाची प्रतीकं?

आधी नांगर बाजूला ठेवा. आशेला नांगर म्हटलंय ते नव्या करारात, इब्री लोकांस पत्रात (६:१९). जिभेला सुकाणूची उपमाही तिथलीच, याकोबाच्या पत्रातली. हिब्रू शास्त्रात नांगराचा उल्लेखच नाही. प्रवचनांत हे सगळं एकत्र कालवतात आणि मग प्रत्येक खिळ्याला अर्थ चिकटवायची चढाओढ लागते.

जहाजाचे भाग खरे मोजून सांगितलेत ते यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात, अध्याय २७ मध्ये. 'मी सौंदर्यात परिपूर्ण' म्हणणारं सोर (टायर) हे समुद्रकाठचं व्यापारी शहरच तिथे जहाज झालंय. फळ्या सनीरच्या सरूच्या, डोलकाठी लबानोनच्या गंधसरूची, वल्ही बाशानच्या ओकची, शीड मिसरच्या (इजिप्तच्या) कशिदा काढलेल्या तागाचं, वरचं छत अलीशाच्या निळ्या-जांभळ्या कापडाचं. इथे भागापेक्षा माल कुठला ते बघावं. लबानोनचे गंधसरू आणि बाशानचे ओक ही जोडी यशया २:१३ मध्ये गर्विष्ठांच्या यादीत आहे, आणि तीनच वचनं पुढे त्याच यादीत तार्शीशची जहाजं.

दुसरा धागा निर्गम २६ चा. निवासमंडपाचे, म्हणजे इस्राएली लोकांच्या उपासनेच्या फिरत्या तंबूचे, पडदेही तागाचे, निळे, जांभळे. मंडपाच्या उभ्या फळ्यांसाठी 'केरेश' हा शब्द येतो. मंडपाबाहेर तो फक्त यहेज्केल २७:६ मध्ये, सोरच्या हस्तिदंत जडवलेल्या भागासाठी. मंडपाच्या फळ्या मात्र साध्या बाभळीच्या, सोन्याने मढवलेल्या. सोरने स्वतःसाठीच मंदिर थाटलं, असा टोमणा मला यात दिसतो. पटलं तर घ्या.

नीतिसूत्रे २३:३४ मधला डोलकाठीच्या टोकावर झोपलेला माणूस म्हणजे नुसता झिंगलेला दारुडा, तिथे गूढ शोधू नका.

जलप्रलयातून वाचवणारं नोहाचं तारू सोरच्या जहाजाच्या नेमकं उलटं: ३०० हात लांब, ५० रुंद, ३० उंच, तीन मजले, बाजूला दार, आतून-बाहेरून डांबर. डोलकाठी, वल्हं, सुकाणू यांचं नावही नाही. दिशा ठरवणं नोहाच्या हातात नाहीच. तान्ह्या मोशेला ठेवलेल्या लव्हाळ्याच्या पेटीलाही हिब्रूत तोच 'तेवा' शब्द आहे, तीही डांबर लावून नदीकाठी ठेवलेली.

सोरच्या जहाजावर मात्र गबालचे कसबी कारागीर फटी बुजवायला हजर होते (२७:९). गळतीने ते बुडालं नाही. वल्हेकऱ्यांनी भर समुद्रात नेलं आणि पूर्वेच्या वाऱ्याने फोडलं (२७:२६). हा वारा म्हणजे बाबेल (बाबिलोनचं साम्राज्य), असं बहुतेक भाष्यकार मानतात. पुढच्याच वचनात बुडणाऱ्यांमध्ये तेच फटी बुजवणारे आहेत.