टेक्सासमध्ये बी.एड. नसताना टीचर होता येतं का? हो, मी झालेय

तुमचा प्रश्न असा आहे की भारतात एम.एससी. मॅथ्स झालंय, बी.एड. नाही, आठ वर्षं घरी आहे, तर टेक्सासमध्ये अल्टरनेटिव्ह सर्टिफिकेशन (म्हणजे बी.एड.ऐवजी एखाद्या ट्रेनिंग प्रोग्राममधून, शिकवता शिकवता टीचरचं सर्टिफिकेट मिळवायचं) करून टीचर होता येईल का आणि ते करावं का. होता येतं. मी याच मार्गाने आले, मिडल स्कूलला मॅथ्स शिकवते, हे पाचवं वर्ष.

आधी कागदपत्रांचं बघा कारण वेळ सगळा तिथेच जातो. डिग्रीचं इव्हॅल्युएशन, म्हणजे ती इथल्या कुठल्या डिग्रीच्या बरोबरीची आहे याची तपासणी, करून घ्यावं लागतं आणि आपली तीन वर्षांची बी.एससी. काही वेळा इथल्या चार वर्षांच्या डिग्रीएवढी धरत नाहीत, त्यामुळे बी.एससी. आणि एम.एससी. दोन्हीची कागदपत्रं एकदमच पाठवा. माझी ट्रान्सक्रिप्ट (युनिव्हर्सिटीने दिलेली मार्कांची अधिकृत नोंद) यायला चार महिने लागले, भावाने युनिव्हर्सिटीत खेटे घातले तेव्हा कुठे ते सीलबंद पाकीट मिळालं. जीपीए, म्हणजे इथल्या ४ च्या मापात मार्कांची सरासरी, साधारण २.५ लागतो. आणि एच४ वर (नवऱ्याच्या किंवा बायकोच्या एच१बीवरचा डिपेंडंट व्हिसा) असाल तर ईएडी, म्हणजे नोकरीचं परमिट, हातात आल्याशिवाय प्रोग्रामची फी भरू नका, कारण यातली इंटर्नशिप म्हणजे पगारी नोकरीच असते.

मग प्रोग्रामला ॲडमिशन, तुमच्या विषयाची टेक्सेस (टीचरसाठीची टेक्सासची सरकारी) परीक्षा, वर्गावर जायच्या आधी किमान १५० तासांचं ट्रेनिंग, आणि शाळेने नोकरी दिली की एक वर्षाचं इंटर्न सर्टिफिकेट. पुढे एकूण ३०० तास पूर्ण करायचे, पीपीआर म्हणजे शिकवण्याच्या पद्धतीवरची परीक्षा द्यायची, वर्ष नीट पार पडलं की स्टँडर्ड सर्टिफिकेट, ते पाच वर्षांचं. पास व्हायला ३०० पैकी २४० स्कोअर लागतो आणि एका परीक्षेला एकूण पाचच अटेम्प्ट मिळतात, म्हणून "बघू तर देऊन" असं करू नका. गणित तुम्हाला जमेलच, पण मुलाने हे चुकीचं उत्तर कसं काढलं असेल असे प्रश्न पण असतात, त्याची प्रॅक्टिस करा.

पण हे सगळं होऊन जातं हो. खरी गोष्ट अशी आहे की या मार्गात पहिल्या दिवसापासून वर्ग तुमचा असतो. बी.एड.ला कसं, कुणाच्या तरी वर्गात जाऊन पाठ घेतो आणि मागे मुख्य शिक्षक बसलेले असतात, इथे सातवीची पंचवीस मुलं, त्यांचे पालक, त्यांचे मार्क, सगळं तुमच्यावर आणि तुम्ही अजून शिकताय.

माझ्या दुसऱ्या आठवड्यातलं सांगते. मी फळ्यावर लिहिता लिहिता म्हणत होते "थ्री इंटू ट्वेल्व्ह", आपण गुणाकाराला कायम इंटूच म्हणतो ना, आणि पुढच्या बाकावरची मुलगी वहीत ४ लिहून बसली. मी म्हटलं अगं ३६. ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली, कारण इथे थ्री इंटू ट्वेल्व्ह म्हणजे बाराला तीनने भाग. तिचं बरोबर होतं, शब्द माझा चुकला होता. त्याच तासाला मी जरा आवाज चढवून "पुस्तकं उघडा" म्हटलं, आपल्या शाळेत म्हणायचे तसं, तर मागून एकाने विचारलं, "मिस, आर यू मॅड ॲट अस?" मी रागावले नव्हते, पण त्याला तसं वाटलं होतं. हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं.

मला सावरलं ते शेजारच्या वर्गातल्या मेंटर टीचरने. ती रोज शाळा सुटल्यावर दहा मिनिटं यायची, उद्याचा लेसन प्लॅन बघायची आणि एकच गोष्ट सांगायची. प्रोग्रामकडून येणाऱ्या फील्ड सुपरवायझरकडून मात्र मला काही मिळालं नाही, ४५ मिनिटं मागे बसून फॉर्म भरला आणि गेले, फोन केला तर उचलायचे नाहीत. मी स्वस्त बघून प्रोग्राम घेतला होता. तुम्ही तसं करू नका. ॲडमिशनच्या आधी स्पष्ट विचारा की सुपरवायझर वर्षात किती वेळा येणार, ऑब्झर्व्हेशननंतर बसून बोलणार का, आणि मागच्या बॅचमधल्या एखादीशी बोलायला मिळेल का. गोलगोल उत्तरं आली तर पुढचा प्रोग्राम बघा.

आणि ईएडी असेल तर आधी काही महिने सब म्हणजे बदली टीचर म्हणून जा, बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये सर्टिफिकेट नसतानाही घेतात. सहावी-सातवीच्या वर्गात आठवडाभर उभं राहिलात की हे काम आपल्याला करायचंय का ते तुमचं तुम्हालाच कळेल. मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, अपूर्णांकांची बेरीज समजल्यावर एका मुलाने स्वतःहून पुढची पाच गणितं सोडवली तेव्हा.

आठ वर्षांच्या गॅपचं टेन्शन घेऊ नका, माझा अकरा वर्षांचा होता आणि इंटरव्ह्यूत त्यावर एकच प्रश्न आला. इयत्ता ४ ते ८ च्या सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची की ७ ते १२ ची यात अडकला असाल तर कोणत्या वयाची मुलं हवीत ते कमेंटमध्ये लिहा, त्याप्रमाणे सांगते.