३१ फुटी बोटीवर जिबसाठी कोणता रोलर फर्लर घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ३१ फुटी जुनी स्लूप (एका डोलकाठीची शिडाची बोट) घेतली आहे, ती मुंबई बंदरात मूरिंगवर, म्हणजे पाण्यातल्या कायमच्या बांधणीवर, असते आणि बोटीवर तुम्ही व पत्नी दोघंच असता. जिब, म्हणजे पुढचं शीड, अजून हुकांनी फोरस्टेला (डोलकाठीला पुढून धरणाऱ्या तारेला) अडकवावी लागते, म्हणजे उतरवायला प्रत्येक वेळी पुढच्या डेकवर जावं लागतं. मांडव्यापर्यंत ते चालून जातं, पण येत्या हंगामात गोव्यापर्यंत जायचा बेत आहे. तर हार्केन, प्रोफर्ल, फर्लेक्स यांतला कोणता फर्लर, म्हणजे शीड गुंडाळणारं यंत्र, घ्यावा?

कंपनीचं शेवटी बघू. त्याआधी एक गोष्ट ठरवा. तुम्हाला शीड फक्त गुंडाळून ठेवायचं आहे, की अर्धं गुंडाळून उरलेल्या शिडावर बोट चालवायची आहे? गुंडाळून ठेवण्याचं काम बाजारातला स्वस्तातला स्वस्त फर्लरही करतो. अर्धवट गुंडाळलेल्या शिडावर वाऱ्याच्या तोंडाशी बोट चढवणं हे वेगळं काम आहे, आणि पैसे त्यासाठी मोजायचे असतात.

तुमच्या मार्गावर हे काम पडणार आहे. मुंबई ते गोवा साधारण सव्वादोनशे सागरी मैल. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा सुटतो. जाताना तो पाठीशी असतो, बोट छान पळते. परतताना तोच वारा तोंडावर येतो. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर जेवढं अंतर कापता येईल तेवढं कापायचं आणि दुपारी एकेका टॅकवर, म्हणजे वाऱ्याला तिरक्या टप्प्यावर, झुंजत वर चढायचं, असा तो प्रवास असतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; १० नॉटचे २० नॉट झाले की शिडावरचा भार चौपट होतो. त्या वेळी जिब एक तृतीयांश गुंडाळली आणि उरलेलं शीड पिशवीसारखं फुगलं, तर बोट नुसती आडवी होते, पुढे सरकत नाही. म्हणून तुमच्यासाठी मी सगळ्यात आधी फॉइल किती ताठ आहे ते बघेन.

फॉइल म्हणजे फोरस्टेच्या तारेवर चढवलेली ॲल्युमिनियमची लांब पोकळ पट्टी. तिच्या खाचेत शिडाची पुढची कड, म्हणजे लफ, सरकवतात. खाली दोरीचा ड्रम, वर स्विव्हल, म्हणजे फिरता सांधा. ड्रमवरची दोरी कॉकपिटमधून ओढली की फॉइल फिरतं आणि शीड त्याच्याभोवती गुंडाळलं जातं. लहान बोटींसाठी सीडीआय कंपनीचा एक स्वस्त फर्लर मिळतो. त्यात ॲल्युमिनियमऐवजी लवचिक पीव्हीसीचं फॉइल असतं, हॅलयार्ड (शीड वर चढवायची दोरी) फॉइलच्या आतूनच जातो आणि वर स्विव्हल नसतो. साधी आणि टिकाऊ वस्तू आहे. पण तिचं फॉइल पीळ खातं. तळाशी चार वेढे पडले तरी वर तेवढे पडतीलच असं नाही. मांडवा-अलिबागपुरता मी तो आनंदाने घेतला असता. रत्नागिरीहून उलट्या वाऱ्यावर परत यायचं असेल तर घेणार नाही.

आता डोलकाठीच्या टोकाकडे या. फर्लर अडकतो तो बहुधा तिथे, खाली ड्रमपाशी नव्हे. स्विव्हलचा वरचा भाग हॅलयार्डला जोडलेला असतो आणि तो स्थिर राहायला हवा. खालचा भाग शिडाबरोबर फिरतो. हॅलयार्ड फॉइलला जवळजवळ समांतर येत असेल, किंवा सैल असेल, तर वरचा भागही सोबत फिरू लागतो आणि हॅलयार्ड फॉइलभोवती वेढे घेतो. मग शीड धड गुंडाळत नाही, धड सुटत नाही, खाली उतरत तर नाहीच. हे टाळायला हॅलयार्ड आणि फोरस्टे यांच्यात साधारण ८ ते १० अंशांचा कोन लागतो. बोस्न चेअरवर (डोलकाठीवर चढायच्या टांगत्या खुर्चीवर) कुणाला तरी वर पाठवा आणि हॅलयार्डची पुली कुठे आहे, फोरस्टेची पिन कुठे आहे, दोन्हींत अंतर किती आहे याचे फोटो घ्या. कोन मिळत नसेल तर डोलकाठीच्या पुढच्या अंगाला हॅलयार्ड मागे खेचून धरणारी एक छोटी फिटिंग बसवतात. प्रोफर्लने यावर वेगळा उपाय केला आहे: फॉइलच्या वरच्या टोकाला बसणारा रॅपस्टॉप नावाचा भाग, जो हॅलयार्डला वेढा घेऊच देत नाही. मला तो मनापासून आवडतो. डोलकाठीला नवी भोकं पाडावी लागत नाहीत, आणि जुन्या बोटीवर हे फार महत्त्वाचं.

याला जोडूनच शिडाच्या उंचीचा प्रश्न येतो. ताण दिल्यावर स्विव्हल फॉइलच्या वरच्या टोकाजवळ पोचायला हवा, पण फॉइलवरून निसटता कामा नये. तुमची जुनी जिब लफमध्ये आखूड असेल तर शिडाचं टोक आणि स्विव्हल यांच्यामध्ये तेवढ्या लांबीचा तारेचा तुकडा घाला. स्पिनेकरचा (पाठच्या वाऱ्यात लावायच्या फुगीर शिडाचा) हॅलयार्ड रिकामा लोंबत असेल तर तोही फोरस्टेपासून दूर, डोलकाठीला बांधून ठेवा. गुंडाळीत तो सहज ओढला जातो.

आणि एक गोष्ट पत्नीलाही आधीच सांगून ठेवा. गुंडाळायची दोरी जड लागली तर ती विंचवर (दोरी ओढायच्या फिरकीवर) घेऊन ताकद लावायची नाही. आधी वर बघायचं. विंचची ताकद एवढी असते की फॉइलला पीळ पडतो, तारेचे पदर उलगडतात आणि शेवटी फोरस्टे तुटून डोलकाठी मागे कोसळू शकते.

फोरस्टेचं तर मी हात जोडून सांगेन: फर्लर बसवताना तार नवी घ्या. एकदा फॉइल चढलं की तार दिसत नाही. आपल्याकडच्या उष्ण, खारट हवेत स्टेनलेस स्टीलही गंजतं, आणि ते आधी गंजतं टोकाच्या दाबून बसवलेल्या फिटिंगच्या आत, जिथे पाणी साचतं आणि हवा पोचत नाही. जुन्या बोटीची तार किती वर्षांची आहे हे विकणाऱ्यालाही बहुधा माहीत नसतं. ३१६ प्रतीची, १ गुणिले १९ विणीची, म्हणजे १९ एकेरी तारांची, तार घ्या. तुमच्या आकाराच्या बोटीला ती ६ ते ७ मिलिमीटरची असते, पण आधी आहे ती व्हर्नियरने मोजा आणि पिनचा व्यासही मोजा. फर्लरचं माप तार, पिन आणि फोरस्टेची लांबी यांवरून ठरतं, बोटीच्या फुटांवरून नाही. बोट वजनदार असेल तर एक माप वरचं घ्या. वर आणि खाली, दोन्हीकडे टॉगल, म्हणजे हलते जोड, हवेच. ते नसतील तर तार टोकाशी सारखी वाकत राहते आणि तिथेच तुटते. सेल्डेनच्या फर्लेक्सच्या संचात नवी तार सोबतच येते, ही त्याची मोठी जमेची बाजू.

आता बेअरिंग. हार्केनमध्ये टोर्लॉन या कडक प्लास्टिकच्या गोळ्यांची उघडी बेअरिंगं असतात. त्यांना ग्रीस लावायचं नसतं. गोड्या पाण्याने धुवायचं, की झालं. मरीनात नळ जवळ असेल तर याहून चांगली व्यवस्था नाही. फर्लेक्सला वर्षाकाठी ग्रीस लागतं. प्रोफर्लची बेअरिंगं ग्रीस भरून सीलबंद असतात; वर्षानुवर्षं त्यांच्याकडे बघावं लागत नाही, पण सील गेलं की बेअरिंग बदलावंच लागतं आणि ते काम डेकवर बसून होत नाही. तुमची बोट मूरिंगवर आहे, गोडं पाणी कॅनमधून न्यावं लागतं, आणि मुंबई बंदराच्या पाण्यात गाळ आहे, हवेत धूळ आहे. कॅनमधलं पाणी शेवटी पिण्यासाठीच राखलं जातं, बेअरिंग धुवायला उरत नाही. म्हणून तुमच्या बाबतीत मी सीलबंदकडे झुकतो.

शिडाबद्दल. फर्लर आला म्हणून १५० टक्क्यांची जेनोआ (डोलकाठीच्या मागे जाणारी मोठी जिब; टक्के डोलकाठी ते फोरस्टे या अंतराच्या तुलनेत) घेऊ नका. १३० टक्क्यांच्या आसपासची घ्या. हलक्या वाऱ्यात थोडा वेग जाईल, पण दुपारच्या वाऱ्यात ती थोडी गुंडाळली तरी आकार धरून राहील. लफमध्ये फोमची पट्टी शिवून घ्या. शिडाच्या मधला फुगीर भाग ती गुंडाळीत आधी ओढून घेते आणि उरलेलं शीड सपाट राहतं. शीड एक तृतीयांशापेक्षा जास्त गुंडाळलं की कुठलाही फोम कामाला येत नाही, तेव्हा लहान शीडच हवं. खालच्या कडेवर ठळक खुणा करून ठेवा आणि प्रत्येक खुणेला शीटची (शीड ओढून धरणाऱ्या दोरीची) पुली किती पुढे न्यायची ते डेकवरही रंगवा. गुंडाळल्यावर पुली पुढे न्यायची असते. लोक हेच विसरतात आणि फर्लरला नावं ठेवतात. मागच्या व खालच्या कडेला ॲक्रिलिक कापडाची ऊन-पट्टी लागतेच. आपल्या उन्हात कापडाआधी शिवणीचा दोरा जातो, म्हणून शिवण पीटीएफईच्या (टेफ्लॉनच्या) दोऱ्याने मागा.

फर्लरच्या दोरीचं थोडक्यात. ती ड्रममध्ये काटकोनात शिरायला हवी, त्यासाठी पहिली पुली नीट जागी बसवा. शीड पूर्ण गुंडाळल्यावरही ड्रमवर तीनचार जादा वेढे उरले पाहिजेत, कारण जोराच्या वाऱ्यात शीड घट्ट गुंडाळतं आणि जास्त फेरे खातं. वरून शीटचे दोनतीन वेढे शिडाभोवती पडायला हवेत. शीड सोडताना दोरी हातातून मोकळी सोडू नका. किंचित ताण ठेवा, नाहीतर ड्रमवर वेढे एकमेकांखाली जातात आणि पुन्हा गुंडाळायच्या वेळी दोरी हलत नाही. गुंडाळताना शक्य असेल तर बोट वाऱ्याकडे पाठ करून वळवा, म्हणजे जिब मोठ्या शिडाच्या आडोशाला येते. तसं केलं तर पत्नी एका हाताने गुंडाळू शकतील.

तर माझी निवड: तुमच्या डोलकाठीवर हॅलयार्डचा कोन मिळत नसेल तर प्रोफर्ल, डोळे झाकून. कोन चांगला असेल आणि तार तशीही बदलायची असेल तर फर्लेक्स. हार्केन या दोघांपेक्षा कमी नाही; त्याच्या शिडाला वर आणि खाली स्वतंत्र स्विव्हल मिळतात, त्यामुळे मधला भाग आधी गुंडाळतो आणि शीड फार सुरेख सपाट होतं. उद्या बोट पाण्याची सोय असलेल्या जागी हलवलीत तर मी तोच म्हणेन. वापरलेला फर्लर स्वस्तात मिळाला तर आधी फॉइलची लांबी बघा. लांब फॉइल कापता येतं, आखूड असेल तर सोडून द्या.

हे सगळं पावसाळ्यात करा, बोट पाण्याबाहेर असते तेव्हा. तार आणि फर्लर आधी बसू द्या, आणि शिडाचं माप त्यानंतर फॉइलवरूनच घ्या. ड्रम नांगरापासून मोकळा राहावा म्हणून तो वर घ्यावा लागतो आणि लफ तेवढी आखूड होते. स्टेनलेसचे स्क्रू ॲल्युमिनियममध्ये जातात तिथे ड्युरालॅक (गंजरोधक लेप) लावायला सांगा, नाहीतर पुढे ते निघणार नाहीत. आणि पुढच्या वर्षापासून मे संपता संपता जिब फॉइलवरून पूर्ण उतरवून घरी न्या. मूरिंगवर गुंडाळून ठेवलेली जिब वादळी झोतात थोडी जरी सुटली तरी तासाभरात चिंध्या होते आणि डोलकाठी हलवून टाकते. तुमच्या डोलकाठीच्या टोकाचे फोटो, तारेचा व्यास आणि पिनचं माप इथे टाकलंत, तर कोणतं मॉडेल नेमकं बसेल ते मी सांगतो.