आधी आरसा उलगडू दे

अवकाश दुर्बिणीवर मुलांसाठी गेम करतोयस, तर त्यात प्रश्नमंजुषा नको, मुलं ती तुक्के मारून संपवतात. जेम्स वेब ही अवकाश दुर्बीणच घे. ६.५ मीटरचा आरसा रॉकेटात मावणार नव्हता, म्हणून १८ षटकोनी तुकड्यांचा केला आणि घडी घालून पाठवला. तुझी पहिली लेव्हल हीच: आधी पाच पदरी सूर्यढाल ताणायची, मग आरसा उघडायचा. नंतर एकाच ताऱ्याचे १८ ठिपके दिसतील, प्रत्येक तुकड्याचा एक, ते सरकवत एकावर एक आणायचे. २०२२ मध्ये खरंच असंच झालं होतं. आयतं कोडं मिळालंय, वेगळं कशाला शोधतोस? इन्फ्रारेडला, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाला, एक बटण पुरे. दाबलं की धुळीमागचे तारे दिसावेत. दुर्बिणीला लेझर-बिझर मात्र लावू नकोस. लेव्हल झाली की शेजारच्या पोरांना खेळायला दे, आणि मध्ये न बोलता ती कुठे अडकतात ते बघ.