रताळी भाजताना करपतात, पण गोड होत नाहीत. साखर आधी घालावी की नंतर?

आपण विचारले आहे की, ओटीजीमध्ये, म्हणजे विजेच्या घरगुती भट्टीत, 220 अंशांवर रताळ्याच्या फोडी दाण्याचे कूट लावून भाजल्या, तर त्या कडेने करपतात, आतून पिठूळ आणि फिक्या राहतात, कूट कडवट लागते, तेव्हा साखर किंवा मध आधी चोळावा की नंतर. माझ्या मते तो कधीच चोळू नये. ज्याला रताळ्यात साखर घालावी लागते, त्याला रताळे भाजता आलेले नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते. हे विधान मी इतक्या ठामपणे का करतो, ते पुढे सांगतोच.

रताळ्यातला बराचसा गोडवा शिजताना तयार होतो. कच्च्या रताळ्यात पिष्ट (स्टार्च) भरपूर आणि साखर बेताची असते. आतले तापमान साधारण 60 ते 75 अंश सेल्सिअस झाले की, पिष्ट फुगून सैल पडते आणि रताळ्यातलेच बीटा-अमायलेज नावाचे विकर (एन्झाइम) त्या पिष्टापासून माल्टोज ही साखर बनवू लागते. उष्णता याहून बरीच वाढली की विकर निकामी होते आणि गोडवा जिथल्या तिथे थांबतो. आपल्या लहान फोडी 220 अंशांच्या भट्टीत हा टप्पा काही मिनिटांत ओलांडतात. कुकरमध्ये तर वाफच 120 अंशांच्या आसपास असते, त्यामुळे तीन शिट्ट्यांत रताळे मऊ होते, पण गोड व्हायला त्याला उसंतच मिळत नाही.

माझ्या आईला विकर हा शब्द ठाऊक नव्हता. कराडजवळच्या आमच्या घरी रात्रीच्या भाकरी झाल्या की, ती चुलीतले निखारे बाजूला सारून अख्खी रताळी फुफाट्यात पुरून ठेवी आणि आम्हाला तासभर तिकडे फिरकू देत नसे. आगीतून उठून फुफाट्यात पडणे हे माणसाच्या बाबतीत वाईट असेल, रताळ्याच्या बाबतीत त्याहून चांगले काही घडू शकत नाही.

आता मुख्य गोष्ट. 2016 च्या महाशिवरात्रीला आम्ही सगळे पुण्यात ताईकडे जमलो होतो. आमचे थोरले दाजी कुकरपंथी आहेत. रताळी उकडायची, चकत्या करायच्या, तुपावर परतून वर मूठभर साखर पेरायची, ही त्यांची पद्धत आणि तीच खरी पद्धत, असे त्यांचे म्हणणे. मी त्याच पिशवीतली आठ रताळी उचलली, धुऊन कोरडी केली आणि अख्खी, सालीसकट, थंड ओटीजीत ठेवून 130 अंशांवर दीड तास भाजली. तासाभरानंतर रताळ्यांच्या टोकांतून चिकट थेंब पाझरू लागले आणि ट्रेवर सुकून त्यांचे काकवीच्या रंगाचे, काचेसारखे टिपके झाले. आतला गोडवा बाहेर डोकावतो आहे, हे सांगणारा याहून स्पष्ट पुरावा असू शकत नाही, असे मला वाटले होते. दाजींनी तो ट्रे हातात घेतला, एक टिपका नखाने खरवडला, जिभेवर ठेवला आणि बारा माणसांसमोर म्हणाले, "हा बघा पाक! अरे, साखर घातलीस तर घातलीस म्हण की, लाजतोस कशाला?"

मी साखर घातली नव्हती. स्वयंपाकघरात माझ्यासोबत फक्त ताईच्या सासूबाई होत्या आणि साक्ष देण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी "माझं लक्ष जपाकडे होतं" असे सांगून अंग काढून घेतले. सगळे हसले, रताळी मात्र माझीच आधी संपली. तेव्हापासून प्रत्येक उपवासाला हा विषय निघतो, म्हणून आपल्या प्रश्नातला "साखर" हा शब्द वाचून मला राहवले नाही.

तर आपण असे करावे. साधारण दीडशे-दोनशे ग्रॅमची, एकसारखी रताळी घ्यावीत. पुण्याच्या बाजारात शिवरात्रीच्या सुमारास करमाळ्याकडची गावरान, लहान रताळी येतात, ती गोडीला सरस असतात. बेळगावकडची मोठी आणि देखणी दिसतात, पण त्यांच्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये. घरी आणल्यावर फ्रिजमध्ये ठेवू नयेत, थंडीने त्यांचा गाभा कडक होतो आणि मग कितीही भाजा, तो मऊ होत नाही. वर सांगितल्याप्रमाणे अख्खी भाजून झाली की, किंचित निववून सालीसकट जाड चकत्या कराव्यात, तूप लावून ट्रेवर एकमेकींना न चिकटता मांडाव्यात आणि मगच आपले ते 220 अंश वापरावेत, तेही दहा-बारा मिनिटेच. गोडवा आधी तयार झालेला असल्यामुळे आता कडा करपण्याऐवजी खरपूस होतात. ओटीजी नसेल, तर जाड लोखंडी कढईत जाड्या मिठाचा थर देऊन, घट्ट झाकण ठेवून, अगदी मंद आचेवर तासाभरात काम होते.

दाणे भट्टीत घालूच नयेत. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते, आणि एकदा भाजलेले कूट पुन्हा 220 अंशांत गेले की ते कडू होणारच. दाणे वेगळे, मंद आचेवर, सालीवर काळे डाग पडू न देता भाजावेत, पूर्ण गार झाल्यावर पाखडून खलबत्त्यात भरड कुटावेत. मिक्सर सलग फिरवला, तर तेल सुटून गोळा होतो. चार रताळ्यांना अर्धी वाटी भरड पुरते. तुपात जिरे आणि हिरवी मिरची तडतडवून, गॅस बंद करून त्यात ती भरड आणि मीठ घालावे, लगेच चकत्यांवर पसरावे, वर चार थेंब लिंबू पिळावे. दाण्यांऐवजी अक्रोड घालण्याची हल्ली टूम आहे. अक्रोडाचा तुरटपणा मला रताळ्याशेजारी मुळीच रुचत नाही. हा पानात डावीकडे वाढायचा पदार्थ आहे, दोन-तीन चकत्यांपुरता, हेही ध्यानात असू द्यावे.

भट्टीभट्टीत फरक असतो, माझी बरीच जुनी आहे, तेव्हा माझा दीड तास आपल्याकडे सव्वा तास ठरू शकेल. सुरी गाभ्यात सहज गेली की झाले. आणि एक गोष्ट नाइलाजाने कबूल करतो: भाजलेल्या रताळ्याने रक्तातली साखर उकडलेल्यापेक्षा लवकर चढते, त्यामुळे घरात कोणाला मधुमेह असेल, तर त्यांच्यासाठी उकडलेले बरे, अर्थात वरून साखर न पेरता. दाजींना गेली काही वर्षे मधुमेह आहे, म्हणजे या एका बाबतीत त्यांचा कुकर माझ्या भट्टीपेक्षा श्रेष्ठ ठरतो, आणि हे मी त्यांना अद्याप सांगितलेले नाही.

गेल्या शिवरात्रीला सकाळीच ताईचा फोन आला. तिने नवा ओटीजी घेतला होता आणि रताळी किती अंशांवर, किती वेळ ठेवायची, ते तिला लिहून घ्यायचे होते. मी सांगत असताना मागून दाजींचा आवाज आला, "आणि साखर किती, तेही विचार."